भिंतीवरचे हात

आमच्या डॉक्टरांना नमस्कार करायची सोय नव्हती. तुम्ही हात जोडलेत की ते पुढे येऊन ते हात अलगद सोडवायचे, जणू चुकून एकमेकांत अडकलेत, आणि मग एकेक करून तपासायला घ्यायचे. उजवा आधी. तीन बोटं मनगटावर, मग कोपराच्या खळगीत, मग दंडाच्या आतल्या बाजूनं वर वर, थेट काखेपर्यंत. हे सगळं भररस्त्यात, उभ्या उभ्या, तुमच्या दुसऱ्या हातात दुधाचं भांडं असलं तरी. डोळे मिटलेले. चेहरा असा, की दूरच्या कुठल्या तरी देवळातलं भजन ऐकताहेत. मग डोळे उघडून, किंचित दुःखानं म्हणायचे, "ठीक आहे. नेहमीसारखाच आहे."

बारामतीत त्या काळी हा 'नेहमीसारखा' शेरा कुणालाच आवडायचा नाही. माणसं ओशाळून हात मागं घ्यायची. धान्याचे एक गलेलठ्ठ आडते तर चक्क म्हणाले होते, "डाक्टर, पुन्यांदा बघा की. आमच्या घराण्यात नेहमीसारखं काई नसतं." डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. नेहमीसारखाच निघाला. आडते आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

मी तेव्हा तिथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. सन तीसनंतरची ती वर्षं. डॉक्टरांच्या दवाखान्यावरची माडी मला भाड्यानं मिळाली, ती माझा हात बघून नव्हे. (तो नेहमीसारखा आहे. मी त्या दुःखातून आता सावरलो आहे.) मिळाली ती मला रंग कालवता येतो म्हणून. दवाखाना गावाच्या कडेला होता आणि त्याच्या मागून कालव्याची एक चारी जायची. पाण्याची पाळी आली की दुपारी त्या पाण्यावरचं ऊन खिडकीतून आत यायचं आणि दवाखान्याच्या भिंतींवर हलत राहायचं. डॉक्टर त्या वेळी खुर्चीत रेलून भिंतीकडे बघत बसायचे. बाहेर पेशंट खोकत असायचे. गावाला ठाऊक होतं, पाणी आलंय तोवर डॉक्टर आत नाहीत. समोर दिसत असले तरी.

ते पूर्वी मुंबईला वैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकवायचे. विद्यार्थी प्रेतं फाडायचे आणि हे शेजारी उभे राहायचे. विद्यार्थ्यांना पुस्तकातल्यासारखं सापडलं की आनंद व्हायचा. यांना पुस्तकातल्यासारखं सापडलं नाही की. मग एके दिवशी नोकरी सोडून ते गावी परत आले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "तिथले हात कोरडे होते हो. पाणी सोडलेलं नसताना कालवा बघण्यात काय मजा?"

आणि एकदा, मी नवीन असताना, त्यांनी मला ते सगळं कालव्याच्या काठावर बसून समजावलं. हातातल्या काडीनं ओल्या मातीत रेघ ओढली. "ही मोठी धमनी. काखेतून निघते, दंडातून सरळ खाली येते. कोपराच्या खाली तिचे दोन फाटे होतात. एक अंगठ्याच्या अंगाला, एक करंगळीच्या अंगाला. तळहातात दोघं पुन्हा भेटतात. हा झाला पुस्तकातला हात."

"आणि नसेल तसा?"

त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, आता हे कालव्यात उडी मारणार. "कुणाचा फाटा काखेतच फुटतो. दोन पाट समांतर खाली येतात. कुणाचा एक फाटा खोल जायचा सोडून वर, कातडीच्या अगदी खालून चालतो. आणि कुणाकुणाला, मास्तर, मधोमध तिसरा असतो. आईच्या पोटात असताना तो सगळ्यांनाच असतो. पहिलं पाणी त्यातूनच येतं. जन्माच्या आधी तो आटतो. काही जणांचा आटायचा विसरतो." मग काडी पाण्यात सोडून ती वाहत कुठं जाते ते बघत म्हणाले, "पुस्तकात एकच हात असतो. गावात प्रत्येकाला दोन असतात."

या कालव्याला निदान इंजिनिअर होता. हाताला कुणी नाही, हे त्यांना फार आवडायचं.

माझं काम भिंतीचं. दवाखान्याच्या डाव्या भिंतीवर मी गेरूनं हात काढायचो. खऱ्या मापाचे, काखेपासून बोटांपर्यंत, बाह्यरेषा काळ्या आणि धमन्या गेरूच्या. ज्याचा हात वेगळा निघे त्यालाच ही जागा मिळे. नाव लिहायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. "ज्याचा त्याला ओळखू आला पाहिजे." आणि यायचा. बाजारच्या दिवशी माणसं बायकामुलांना घेऊन दाखवायला आणायची. सुप्याचा एक मेंढरंवाला रोजचा नेम असल्यासारखा त्या भिंतीसमोर उभा राहून आपल्या हाताला हात लावून बघायचा आणि समाधानानं निघून जायचा. औषध म्हणून त्यानं कधी काही घेतलं नाही.

भिंतीवरचा राजा होता डाळजचा एक पैलवान. तो आला होता खांदा दुखतो म्हणून. डॉक्टरांनी मनगट धरलं आणि धरूनच राहिले.

"पैलवान, तुमची नाडी इथं नाही."

पैलवानानं दुसऱ्या हातानं आपलं मनगट चाचपलं. "मंग म्या काय मेलोय व्हय?"

"नाही हो. ती अलीकडेच वळून मागच्या बाजूनं गेली आहे. ही बघा, हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी. चोरवाट."

पैलवानानं आपल्या हाताकडे असं पाहिलं, जसं घरात आजवर न दिसलेली खोली सापडावी. त्यानंतर प्रत्येक जत्रेत कुस्तीआधी तो समोरच्याला म्हणायचा, "पाव्हनं, जरा नाडी बघा बरं माजी." समोरचा मनगट चाचपायचा, पांढरा पडायचा, आणि निम्मी कुस्ती तिथंच व्हायची. खांद्याचं पुढे काय झालं ते डॉक्टरांनीही विचारलं नाही.

डॉक्टरांच्या स्वतःच्या हातांबद्दल बोलायचं नसे. ते दोन्ही इतके पुस्तकी होते, की त्यांचं चित्र काढून कॉलेजात लावता आलं असतं. एकदा मी हे म्हणालो तर त्यांनी दोन दिवस मला चहा दिला नाही.

तर डावी भिंत भरत चालली आणि उजवी मोकळीच राहिली. ती बायकांची. डॉक्टरांकडे बाई यायची ती सासूच्या नाहीतर भावाच्या मागून, पदरातून मनगटाची दोन बोटं जागा बाहेर काढून, आणि ती जागासुद्धा परत कधी आत जातेय याची वाट बघत. कोपराचं नाव काढायची सोय नव्हती. "निम्मा तालुका मला बंद आहे," डॉक्टर उजव्या भिंतीकडे बघत म्हणायचे, "आणि शेजारचा इंदापूर तालुका तर सबंधच."

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की एक जण आहे, जिच्या मांडीवर या दोन्ही तालुक्यांतली प्रत्येक बाई आपला हात कोपरापर्यंत उघडा टाकून निवांत बसते. हौसाबाई कासारीण. सुप्यापासून लासुर्ण्यापर्यंत लग्नाचे चुडे तिचे, सणाच्या बांगड्या तिच्या. गोलमटोल, तोंडानं फटकळ, आणि हात असे मऊ की काचेची बांगडी तिच्याकडे स्वतःहून चढायची असं बायका सांगत.

डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. ती दारातच उभी राहिली.

"डाक्टर, म्या आजारी न्हाय."

"मला तुमचे हात हवेत, हौसाबाई."

"माजं मालक गेल्यापासून असं कुनी म्हनलं न्हवतं," हौसाबाई म्हणाली आणि आत येऊन बसली.

पुढचे आठ-पंधरा दिवस डॉक्टरांनी तिला माझ्या हातावर शिकवलं. तीन बोटं, हलकी, दाबायची नाहीत. इथं पाहा, मग इथं, मग खळगीत. ती पटापट शिकली. चुकून कुठं बोट जास्त रुतलं तर म्हणायची, "मास्तर, तुमी बायकांपरीस बरं. बायका किंचाळत्यात." मग ती आपली टोपली घेऊन निघाली, आणि बाजाराहून परतताना दर खेपेला दवाखान्यात थांबायला लागली.

ते दिवस मला अजून आठवतात ते पिवळट उन्हात भिजलेले. संध्याकाळ उतरायची, चारीतलं पाणी खुळखुळायचं, हौसाबाई बशीत चहा ओतून फुंकर घालायची आणि हात सांगायची. "इंदापुरात एक पोरगी. हितं ठोका, आन् हितं बी. म्हंजी मधनं तिसरी." डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे. "आटायची विसरली," ते पुटपुटायचे. मी गेरू कालवायचो. "दुसरी लासुर्न्याची. वरनं कातड्याखालनं. थेट अंगठ्यापातुर." उजवी भिंत भरली. इतकी भरली की डावीपेक्षा दाटीची झाली. पाणी आलेल्या दुपारी ऊन हलायला लागलं की ते सगळे हात एकदम वाहायला लागायचे, बायकांचे, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला खरंच वाटायचं की भिंतीला कान लावला तर आवाज येईल.

डॉक्टरांचा निष्कर्ष तयार झाला. बायकांचे हात पुरुषांपेक्षा फार स्वच्छंद असतात. पुरुषांत दहा-वीस हातांत एखादा वेगळा; हौसाबाईला तर नेहमीसारखा हात क्वचितच सापडत होता. मुंबईचे जुने सहकारी भिंत बघायला यायचे ठरले. डॉक्टरांनी नवा कोट शिवायला टाकला.

त्याच सुमारास सुप्याची एक म्हातारी खोकला घेऊन आली. इतकी म्हातारी, की लाजेचं वय मागं टाकून आलेली. उजव्या भिंतीवर तिचा हात होता, तिसऱ्या पाटाचा. डॉक्टर तिच्याकडे असे बघत होते, जसा एखादा माणूस ज्याच्याबद्दल फक्त ऐकलंय त्या गावात पोचावा.

"आजी, हात बघू का? वरपर्यंत?"

"घे की बाबा. कुटं धरायचा तितं धर. आता कोन बघतंय."

त्यांनी बघितला. मग दुसरा बघितला. मग पुन्हा पहिला. मग खोकल्याचं औषध दिलं आणि तिला दारापर्यंत पोचवून आले. मी विचारलं, "काय?"

"नेहमीसारखा," डॉक्टर म्हणाले. पण हे नेहमीसारखं म्हणणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई आली. डॉक्टरांनी तिला माझा हात धरायला लावला. आणि तेव्हा मला दिसलं, जे त्यांना एका क्षणात दिसलं. शिकवलेली तीन बोटं ती विसरली नव्हती. पण तिच्या हाताला आयुष्याची सवय होती. बांगडी भरताना चार बोटं खालून हात तोलतात आणि वरून फिरतो तो अंगठा. ती अंगठ्यानं बघत होती.

डॉक्टरांनी टेबलाची कड तिच्यापुढे केली. "हौसाबाई, याची बघा."

"टेबलाला आसती व्हय?" ती हसली.

"बघा तर."

तिनं चार बोटं खालून लावली, वरून अंगठा दाबला. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मोठे झाले. "आगं बया. लागतीया की, डाक्टर."

"अंगठ्याच्या पोटात स्वतःचा एक पाट असतो," डॉक्टर हळूच म्हणाले. "अंगठा लावला की आपलाच ठोका आपल्याला लागतो. चूक माझी. मी तुमचा अंगठा बघायला हवा होता. मी भिंत बघत बसलो."

हौसाबाई उठली. उजव्या भिंतीसमोर गेली. चारीला पाणी होतं. सगळे हात वाहत होते.

"म्हंजी ही इंदापुरची पोरगी..."

"तुम्ही."

"आन् ही लासुर्न्याची?"

"तुम्हीच."

ती एकेका हातावरून नजर फिरवत भिंतीच्या टोकापर्यंत गेली. मग म्हणाली, "येवढ्या जागी हाय व्हय म्या." आणि टोपली उचलून गेली. चहा तसाच राहिला.

मुंबईच्या पाहुण्यांना येऊ नका असं कळवलं. कोट आला तो खुंटीला लागला. मी चुना भिजवून विचारलं, "पांढरी मारू का?" डॉक्टर म्हणाले, "राहू दे." मी म्हटलं, "पण ते खोटे हात आहेत." त्यावर ते म्हणाले, "ठोका खरा होता, मास्तर. पत्ता चुकला."

टेबलाची गोष्ट अर्थातच गावभर झाली. (मी सांगितली नाही. मी फक्त एकाला सांगितली.) हौसाबाई ज्या गावात जाईल तिथं पोरं खांब, जातं, बैलगाडीचं जू पुढे करायची. "हौसाक्का, ह्येची बघ की." ती हसण्यावारी न्यायची, पण दवाखान्याच्या रस्त्यानं यायची बंद झाली.

त्या हिवाळ्यात एके दिवशी दिवेलागणीला ती दारात उभी राहिली. अंगावर धूळ, टोपली नाही.

"डाक्टर, एक हात हाय."

डॉक्टरांनी खुर्ची सरकवली. ती बसली नाही. एका दमात तिनं सांगितलं ते असं. लासुर्ण्याला एका बागायतदाराच्या घरी ती लग्नाच्या बांगड्या भरायला गेली होती. वांगी, मिरच्या, घेवडा करणारं घर. तिथली थोरली सून चंद्रा हिवतापानं महिनाभर पडून आहे, गोळी पोटात ठरत नाही. नणंदेच्या लग्नाचं म्हणून तिलाही चार बांगड्या भरायच्या होत्या. "हात कसा झालाय, काडी. काकणं कोपराकडं घसरली. म्या उजवा हात उन्हात धरला, आन् काकणं हलाया लागली. आपसूक. ठोक्यावर. म्या कोपराची खळगी बघितली तर तितं कातडं उडतंय, पाखराच्या नरड्यावानी."

"अंगठा?" डॉक्टरांनी विचारलं.

"अंगठा लावलाच न्हाय. डोळ्यानं बघितलं. आन् उद्या सकाळच्याला इंदापुरचा नवा डाक्टर तिला तितंच सुई देनार हाय. कोयनेलची. म्या त्या लोकान्ला म्हनलं, तितं नगा देऊ. तर तिचा सासरा म्हनतो, हौसाबाई, आमच्या मोटंची बघ नाडी." तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "माजं आता कोन ऐकनार. म्हनून तुमच्याकडं आली."

डॉक्टरांनी मला नंतर वाटेत समजावलं. कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, सुई शिरेत द्यायची असते. कोपराच्या खळगीत शीर वर असते म्हणून तिथं देतात. पण ज्याची धमनी खोल जायचं सोडून कातड्याखालून चालते, त्याची ती नेमकी त्या शिरेखाली असते. सुई अर्धा दाणा खोल गेली की औषध धमनीत. धमनी आवळते. आधी बोटं पांढरी पडतात, मग काळी, मग हात कापावा लागतो. मुंबईला त्यांनी असा एक हात पाहिला होता. तो टेबलावर त्यांच्यासमोर आला होता, एकटाच.

पण हे नंतर. त्या संध्याकाळी मी एवढंच म्हटलं, "आणि तिथं गेल्यावर काही नसलं तर?"

"तर लोक हसतील," डॉक्टर कोट खुंटीवरून काढत म्हणाले. "आणि असलं, तर तिचा उजवा हात जाईल. मास्तर, यात मी तोलू काय?"

सकाळच्या पहिल्या सर्व्हिस मोटारीत आम्ही तिघं बसलो. ही मोटार दर झाडाखाली थांबायची. पण ड्रायव्हरचा हात आमच्या डाव्या भिंतीवर होता, फाटा काखेतून फुटलेला. कारण कळल्यावर तो म्हणाला, "बसा दाबून," आणि वाटेतल्या थांब्यांवर हात करणारी माणसं धुळीत तशीच उभी सोडून त्यानं गाडी थेट वांग्यांच्या मळ्यापर्यंत नेली. पेरूंची टोपली घेऊन बसलेला एक म्हातारा सणसरला उतरायचा होता. तोही आमच्याबरोबर बघायला आला.

पडवीत खाटेवर चंद्रा. दंडाला रबरी नळी आवळलेली, खळगीतली शीर फुगून निळी, आणि तरुण डॉक्टर हातात सुई घेऊन ओणवा. सज्जन माणूस होता, हे मुद्दाम सांगतो. आमच्या डॉक्टरांनी दारातूनच नमस्कार केला आणि म्हणाले, "एक मिनिट. या हातात शिरेखाली धमनी आहे असं वाटतं."

"मी पाहिलं आहे," तरुण डॉक्टर म्हणाला. "काही लागत नाही. तुम्ही बघा हवं तर."

डॉक्टर बसले. तीन बोटं खळगीत ठेवली. डोळे मिटले. पडवीत सगळे गोळा झालेले, सासरा मागं हाताची घडी घालून. हौसाबाई खांबाला टेकून उभी. मी डॉक्टरांचा चेहरा बघत होतो, आणि ते भजन काही ऐकू येत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. सासरा म्हणाला, "लागली का? न्हायतर खांब हाय हितं."

डॉक्टरांनी डोळे उघडले. "कालव्याचं दार बंद करून चारीत पाणी बघतोय मी," ते स्वतःशीच म्हणाले आणि दंडाची रबरी नळी सोडली. "नळी इतकी घट्ट होती, की खाली काही येतच नव्हतं." मग अंगणाकडे हात करून म्हणाले, "एक कडब्याची काडी द्या कुणी."

पेरूवाल्या म्हाताऱ्यानं दिली. डॉक्टरांनी ती चंद्राच्या कोपराच्या खळगीवर आडवी ठेवली आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घेतले. सगळ्यांना दिसेल असे. अंगठ्यांसकट.

आधी काडी नुसती पडून होती. मग तिचं एक टोक उचललं गेलं. खाली आलं. पुन्हा उचललं गेलं. बाहेर मोट चालली होती, तिची कुरकुर तेवढी. आणि ती काडी, जणू वाऱ्याशिवाय, उडत होती, बसत होती, उडत होती. चंद्रा तापलेल्या डोळ्यांनी आपल्याच हाताकडे बघत म्हणाली, "आत कोन हाय?"

तरुण डॉक्टरनं सुई ताटलीत ठेवली. "तिथंच देणार होतो," तो म्हणाला. "नळी बांधायच्या आधी बघायला हवं होतं. तुम्हाला बारामतीत बसून कसं कळलं?"

"मला नाही," डॉक्टर म्हणाले. "या बाईंना."

हौसाबाईनं सासऱ्याकडे पाहिलं. "मोटंची बगू का आता, आबा?"

आबांनी घडी सोडली आणि तिला बसायला घोंगडी टाकली.

मग डॉक्टरांनी चंद्राचा डावा हात घेतला. मनगट, खळगी, दंड. वरपर्यंत. आणि डोळे उघडून म्हणाले, "नेहमीसारखा आहे." आयुष्यात पहिल्यांदा त्या दोन शब्दांत त्यांना इतका आनंद झालेला मी पाहिला. सुई त्या हातात दिली गेली.

परत आल्यावर उजव्या भिंतीच्या मधोमध मी चंद्राचा हात काढला. बाकीचे तसेच राहिले, त्याच्या भोवती. हौसाबाई पुन्हा यायला लागली, तीन बोटांनी बघायला लागली, आणि आता तीही बहुतेक वेळा ओशाळून सांगायची, "आज समदं नेमीवानी, डाक्टर." बाजारच्या दिवशी चंद्रा वांग्यांची पाटी घेऊन यायची, उजव्या हातानं चार वांगी निवडून दवाखान्याच्या पायरीवर ठेवायची. आम्ही तेव्हा फार वांगी खाल्ली.

तीसचं दशक सरता सरता डॉक्टर आजारी पडले. हृदयाचं. त्यांना ते माझ्या आधी कळलं होतं आणि त्यात काही वेगळं नाही याचा थोडा राग होता. खाट त्यांनी दवाखान्यातच घालायला लावली, उजव्या भिंतीकडे तोंड करून. एके दुपारी पाळीचं पाणी आलं. ऊन भिंतीवर चढलं आणि हात वाहायला लागले. मी डाव्या बाजूला बसून त्यांनी शिकवल्याप्रमाणे मनगटावर तीन बोटं ठेवली होती. उजव्या बाजूला हौसाबाई, तिचीही तीन बोटं.

डॉक्टरांनी डोळे उघडले. "हौसाबाई, तीन बोटं नको. अंगठा लावा."

"अंगठ्यानं तर माजीच लागती न्हवं, डाक्टर."

"म्हणून तर," ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले.

तिनं चार बोटं खालून लावली, जशी ती सगळ्या जन्मात लावत आली होती, आणि वरून अंगठा ठेवला. ऊन हळूहळू भिंतीवरून सरकत चाललं. माझ्या बोटांखाली ठोका लांब लांब पडत गेला, एक, मग बऱ्याच वेळानं एक, आणि मग मी वाट बघत राहिलो. मी मान वर केली. हौसाबाई माझ्याकडेच बघत होती.

"लागतीया," ती म्हणाली, आणि अंगठा काढला नाही.